घाववेलीची पानं

पनवेल,
२० नोव्हेंबर २०२२

चि. मनिषा,
अनेक आशीर्वाद.

खोक्यात तू मागितलेली घाववेलीची पानं आहेत. तुझे बाबा गुरुवारी नेऱ्याहून भाजी घेऊन बाजारात आले, तेव्हा टोपलीत सगळ्यात खाली हा भारा होता. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, यो पाला आमी गुरांच्या खुराला लावतो, आन् पोर त्याच्यावर डॉक्टर व्हनार. मंग गुरांना काय म्हनायचा?" तुझी काकू आतून ओरडली, "महादेवभाऊ, गुरांना पेशंट म्हणायचं." मग बाहेर येऊन तिने भारा उचलून आत नेला. मला हातसुद्धा लावू दिला नाही. नर्सची नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण जखमेशी संबंध असलेली कुठलीही वस्तू माझ्या हाती द्यायला ती अजून तयार नाही.

तुला माहीतच आहे, तुझ्या यादीत ही वेल तिनेच घालायला लावली. वॉर्डात असताना तुमच्याकडची माणसं हा पाला बांधून यायची आणि पट्टी सोडली की आतली जखम स्वच्छ दिसायची, हे मी आमचं लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. मोठे डॉक्टर तेव्हा हसायचे. "सिस्टर, पाला गुरांना घाला," म्हणायचे. ते हसणं तिच्या मनात कुठेतरी रुतून बसलं आहे. निवृत्त झाल्यावर आळीतल्या पोरांच्या गुडघ्यांवर तिने हाच पाला बांधला. आता तुझ्या प्रयोगशाळेत काय ते ठरेल म्हणून ती अशी वाट बघते आहे, जशी मुलं निकालाची बघतात.

मला आठवतं, सातवीत तू नदीवरची कविता म्हणताना तिसऱ्या कडव्याला अडलीस. बाकीची मुलं अडली की खाली बसायची. तू "सर, थांबा, आठवतंय" म्हणत उभीच राहिलीस. तास संपला, घंटा झाली, पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात आले, तरी तू उभीच. संशोधन म्हणजे असंच काहीतरी असावं.

माझे कान आता जवळजवळ मिटले आहेत. मोबाईल कानाला लावला की शिंपल्यासारखा नुसता घूं आवाज येतो. तेव्हा काकूशी फोनवर बोलत जा, मला मात्र पत्र लिही.

तुझा,
इनॉकसर

*

हैदराबाद,
८ डिसेंबर २०२२

आदरणीय सर आणि काकू,
सा. न. वि. वि.

सर, मुद्दाम फोन केला नाही. तुमच्या आधी काकूंना कळलं असतं तर तुम्ही रुसला असता.

आधी आम्ही करतो काय ते सांगते. काचेच्या बशीत जेली ओततो आणि तिच्यावर जंतू पसरतो. मग पानाच्या अर्कात बुडवलेली कागदाची छोटी टिकली त्यावर ठेवतो आणि बशी रात्रभर उबेत. सकाळपर्यंत जेलीवर जंतूंची साय धरते. टिकलीच्या भोवतीही साय आली, तर पानात काही नाही. टिकलीभोवती स्वच्छ कडं राहिलं, तर जंतूंना मारणारं काहीतरी त्यात आहे.

यादीतल्या बहुतेक झाडांनी काहीच केलं नाही. दोन-तीन झाडांना पुसटसं कडं आलं. काकू, तुमच्या घाववेलीला मात्र एवढं मोठं कडं आलंय की मी आधी बशी बदलली गेली का ते पाहिलं. आणि हे जंतू साधे नाहीत. दवाखान्यातल्या जखमांमधून आणलेले, नेहमीची औषधं पचवून बसलेले आहेत.

माझे गाईड सत्यजीत सर कशालाच लवकर छान म्हणत नाहीत. ते म्हणाले, "एकदा आलं ते नशीब. तीनदा आलं तर बोलू." त्यामुळे त्याच वेलीची पानं पुन्हा हवीत, तशीच वाळवून. हे तिन्ही वेळा टिकलं तर माझा सगळा प्रबंध याच एका पानावर उभा राहील. नाही टिकलं तर मला नवीन झाड शोधून पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, आणि तेवढे दिवस आता माझ्याकडे नाहीत.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे बैल हुशार होते आमचे."

तुमची,
मनिषा

*

पनवेल,
१९ डिसेंबर २०२२

चि. मनिषा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. "स्वच्छ कडं" हे शब्द आले तेव्हा काकू पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. मग तिने पोळी लाटून पुरी केली, तव्यावर टाकली आणि भाजून झाल्यावर रडली.

रविवारी घरी मलिदा केला. आम्हा यहुद्यांत काही चांगलं घडलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात, गोड पोहे, खोबरं, फळं. आळीतली सगळी आली. शेजारच्या कृष्णाबाई तर सकाळपासून नारळ खवायला बसल्या होत्या. ताट फिरत असताना काकूने सगळ्यांना सांगितलं की हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत तिचा पाला पास झाला. मी हळूच म्हटलं, "अगं, अजून दोन परीक्षा आहेत." तर म्हणे, "पहिलीत पहिला आलेला मुलगा पुढे नापास होतो का?" मी मास्तरकी बाजूला ठेवली आणि पुढचं ताट उचललं.

तिला हल्ली जिना चढला की धाप लागते. थंडीचं आहे, म्हणते.

खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. मी वाचायचं नाही अशी अट आहे, म्हणून वाचलं नाही.

तुझा,
इनॉकसर

मनिषा, सर दोन पानं लिहून मुद्द्याला येत नाहीत म्हणून मी लिहिते. दुसरा भारा पाठवला आहे. एकेक पान उजेडात धरून निवडलंय. किडका पाला माझ्या स्वयंपाकघरात शिरत नाही, तो तुझ्या बशीत कसा शिरेल? तुझ्या त्या साहेबांना सांग, सिस्टर जोकबेदच्या हातचं आहे, शंका काढू नका. मला धाप लागते ती थंडीची नाही, मला कळतं. सरांना सांगू नकोस, ते कविता म्हणत बसतात. वेळेवर जेवत जा. — काकू

*

हैदराबाद,
३० जानेवारी २०२३

आदरणीय सर आणि काकू,
सा. न. वि. वि.

दुसऱ्यांदाही कडं आलं. तेवढंच मोठं. सत्यजीत सरांनी बशी खिडकीशी नेऊन पाहिली, परत आणून ठेवली, पुन्हा नेली. मग म्हणाले, "तुमच्या काकूंना तिसरा भारा पाठवायला सांगा." त्यांच्या तोंडून "काकू" ऐकून सगळी लॅब माझ्याकडे बघायला लागली.

तिसऱ्यांदा आलं की पानातलं नेमकं काय हे काम करतं ते वेगळं काढायला घेऊ. जुलैच्या शेवटी समितीपुढे सगळं मांडायचं आहे. घरी यायचा विचार होता, पण बाबा म्हणतात आधी काम संपव.

काकू, तुम्ही लिहिलेलं सरांना सांगितलेलं नाही. पण तुम्ही डॉक्टरांना दाखवा. मला फोनवर "बघू" म्हणालात. तुमचं "बघू" मला माहीत आहे.

तुमची,
मनिषा

*

पनवेल,
६ मार्च २०२३

प्रिय शोशाना,
शालोम.

तू इस्रायलहून फोन केलास, पण मला काहीच ऐकू आलं नाही. तू रडते आहेस एवढं कळलं. तुझ्या बहिणीचं शेवटचं सगळं तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं तेव्हा तिने वॉर्डातल्या नर्सना सलाईन कसं लावायचं ते शिकवायला सुरुवात केली. त्या पोरी हसल्या, पण तिने सांगितलं तसंच करत होत्या. शेवटच्या संध्याकाळी मला म्हणाली, "तुमची ती नदीची कविता म्हणा." मला हसू आलं. जन्मभर माझ्या कविता सुरू झाल्या की ती म्हणायची, शेवटी काय होतं ते सांगा, मधलं नको. मी म्हणायला लागलो आणि तिसऱ्या कडव्याला अडलो. ती ओळ तिने सांगितली. डोळे मिटलेले होते. मी सकाळी तासाची तयारी करायचो तेव्हा स्वयंपाकघरात ती ऐकत असणार. त्यानंतर ती बोलली नाही.

सात दिवस जमिनीवर बसलो. आळीतल्यांनी चूल पेटू दिली नाही. कृष्णाबाई रोज भाकरी आणायच्या आणि दारात बसून राहायच्या.

आता एक मागणं. मनिषाला यातलं काही कळवू नकोस. ती कॉम्प्युटरवर तुझ्याशी बोलते असं जोकबेदने सांगितलं होतं. दवाखान्यातच तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं की पोरीचं काम पार पडेपर्यंत सांगायचं नाही. आपल्याकडे परीक्षा चालू असताना घरातली वाईट बातमी मुलांना सांगत नाहीत, तसंच. महादेव खूप रडले, पण त्यांनाही पटलं. तिसरा भारा मी पाठवणार आहे. तो पाला पास झाला की मग सांगेन. जोकबेदचं म्हणणं खरं ठरलं हे आधी आणि ती गेली हे नंतर, असं पोरीला कळावं. मलाही ते तसंच कळायला हवं आहे.

तुझा,
इनॉक

*

पनवेल,
२० मार्च २०२३

चि. मनिषा,
अनेक आशीर्वाद.

तिसरा भारा पाठवतो आहे. या वेळी निवडायचं काम मी केलं. काकूला थोडी विश्रांती हवी आहे, म्हणून मला बढती मिळाली. पानं नळाखाली धुतली, फडक्यावर पसरली, सावलीत वाळवली. तिच्यासारखी निगुतीने नसतील, पण एकही पान फाटलेलं नाही.

काकूचा फोन बिघडला आहे. दुरुस्तीला देतो. तोवर तिचे निरोप माझ्याच पत्रातून समज. जेवत जा, असं सांगितलं आहे.

आंब्याला मोहोर भरपूर आहे. आमच्या वेळच्या पुस्तकात मोहोर आला की पुढच्या ओळीत कोकीळ यायचाच. इथे कळंबोलीच्या ट्रकांचे हॉर्न येतात. कोकीळही असेल. मला ऐकू येत नाही.

तुझा,
इनॉकसर

*

हैदराबाद,
१० एप्रिल २०२३

आदरणीय सर आणि काकू,
सा. न. वि. वि.

कडं आलं नाही.

मी तीन वेगवेगळ्या बशा केल्या. जंतू बदलून पाहिले. टिकलीच्या अगदी काठापर्यंत साय. जणू कोरा कागद ठेवलाय.

सत्यजीत सर रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "आधीच्या दोन भाऱ्यांत काय वेगळं होतं ते शोधा." वेल तीच आहे, बाबांनी शपथ घेतली. मग काय बदललं? काकूंना विचारा ना. पानं कधी तोडलेली, किती वेळ ठेवलेली, कशात ठेवलेली, काहीही. त्यांच्या लक्षात राहतं. तुम्ही रागवाल, पण तुमच्या नाही राहत.

फोन अजून दुरुस्त झाला नाही का?

तुमची,
मनिषा

*

पनवेल,
१८ एप्रिल २०२३

चि. मनिषा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून काकूला विचारलं. ती म्हणते, तिने वेगळं काही केलं नव्हतं. पण पहिले दोन भारे थंडीतले होते, पहाटे दव पडलेलं असताना तोडलेले. मार्चमधला पाला उन्हात तापलेला. तिच्या मते दवातल्या पानाला जोर असतो.

मलाही ते पटतं. दवाने भिजलेल्या पानात काहीतरी जागं असतं.

धीर सोडू नकोस. तू उभी राहणारी मुलगी आहेस.

तुझा,
इनॉकसर

*

हैदराबाद,
२ जुलै २०२३

सर,

दोन महिन्यांहून जास्त मी दवाच्या मागे आहे. बाबांनी मुळासकट पाठवलेली वेल थंड खोलीत वाढवली. रात्री गारवा दिला, पानांवर पाणी फवारलं, पहाटे उठून पानं तोडली. इथले लोक मला दवबिंदू म्हणायला लागले आहेत. कडं आलं नाही. एकदाही नाही.

समितीची तारीख या महिन्याच्या शेवटी आहे. सत्यजीत सर म्हणतात, ही वेल सोडा आणि जे थोडंफार हाती आहे ते मांडा. मी म्हटलं, थांबा, आठवतंय. त्यांना ते कळलं नाही. तुम्हाला कळेल.

पण सर, मला आता दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते. फोन इतके महिने दुरुस्त होत नाही? बाबांना विचारलं की "हाय हाय, बरी हाय" म्हणतात आणि लगेच विषय भाताच्या लावणीवर. दव, पानाचा जोर, हे शब्द काकूंचे नाहीत. काकू म्हणाल्या असत्या, मला काय माहीत, तूच बघ. त्यांच्या अक्षरातल्या दोन ओळी पाठवा. नुसतं "जेव" लिहिलं तरी चालेल.

तुमची,
मनिषा

*

पनवेल,
९ जुलै २०२३

चि. मनिषा,

दोन ओळी येणार नाहीत. काकू फेब्रुवारीच्या शेवटी गेली. हृदय थकलं होतं. त्रास फार झाला नाही. तुझं काम होईपर्यंत तुला सांगू नये ही तिची इच्छा होती आणि तिच्यामागे ती मी चालवली. महादेवना दोष देऊ नकोस. दर गुरुवारी ते माझ्यासमोर बसून म्हणायचे, "मास्तर, यो मला झेपत नाय."

दवाचं मी रचलं. तू विचारलंस आणि उत्तर देणारी घरात नव्हती. काहीतरी लिहायला हवं होतं. मला जे सुंदर वाटलं ते लिहिलं. तू त्याच्यामागे पहाटे उठत होतीस हे वाचून मी दिवसभर ओट्यावरून उठलो नाही.

आता खरं ते सांगतो. ती काय करायची ते मी रोज पाहिलं होतं, पण त्याला महत्त्व असेल असं वाटलं नाही. आमच्यात किडा पोटात जाणं निषिद्ध, त्यामुळे पालेभाजी घरात आली की तिची झडती व्हायची. शोशाना इस्रायलहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर भाज्या धुवायचं औषध पाठवते, त्याने किडे सुटतात. ते बूचभर टोपातल्या पाण्यात घालायचं, पानं बुडवायची, वर ताट झाकायचं. मग पुन्हा न विसळता एकेक पान उजेडात धरून फडक्यावर पसरायचं. खायच्या भाजीला ती नंतर साध्या पाण्यातून काढायची. तुझ्या पानांना नाही. म्हणायची, ही खायची थोडीच आहेत. वॉर्डातली सवयही त्यात मिसळली होती. आळीतल्या पोरांना पाला बांधायची तोही असाच धुतलेला. मी नुसतं नळाखाली धरलं. फरक असेल तर एवढाच, आणि तो काही फरक नव्हे. मला वाटतं, तिच्या हाताला गुण होता. पान हात ओळखत असेल.

पाला वाया जात नाही. कृष्णाबाईंच्या पायाला साखरेमुळे जखम झाली आहे, ती भरत नाही. त्या म्हणाल्या, "मास्तर, जोकबेदबायचा पाला द्या, डॉक्टर नको." मी रोज सकाळी नेऊन देतो. तिचं काहीतरी चालू आहे असं वाटतं.

तू रागावली असशील. रागाव.

इनॉकसर

*

हैदराबाद,
१६ जुलै २०२३

सर,

हे बाबांच्या मोबाईलवर पाठवते आहे. ते पनवेलला दुकानात छापून तुमच्या हातात देतील. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

आधी महत्त्वाचं. कृष्णाबाईंना आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. पाला काढा. बाबा रिक्षा घेऊन येत आहेत. बाबांचं त्या ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम थांबत नाही.

आता कारण. काकूंच्या दुसऱ्या भाऱ्यातली थोडी पानं माझ्याकडे उरली होती. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ती मी साध्या पाण्यात तीनदा धुतली आणि ते पाणी टाकलं नाही. धुतलेल्या पानांचा अर्क एका बशीत, धुतल्याचं पाणी दुसऱ्या बशीत. पानांना कडं नाही. पाण्याला आहे. मोठं, स्वच्छ.

कडं त्या औषधाचं होतं, सर. पानात काही नाही.

चूक माझी आहे. आमच्याकडे नियम आहे, कुठलंही पान आलं की आधी आपण धुवायचं. यादीतलं प्रत्येक पान मी धुतलं. काकूंची तेवढी नाही धुतली. त्यांच्या हातून आलेलं पान परत धुवायचं म्हणजे त्यांच्या स्वच्छतेवर शंका काढणं. त्या बघत नव्हत्या, तरी मला ते करवलं नाही. तिसऱ्या भाऱ्याची पानं मात्र मी धुतली, कारण ती तुम्ही निवडली होती.

हे तुम्हाला कळवावं का, यावर मी रात्रभर विचार केला. कृष्णाबाई नसत्या तर कदाचित मीही काहीतरी दवासारखं लिहिलं असतं.

आणि तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी पोरीसारखी आहे म्हणता, मग माती द्यायला पोरीला बोलवत नाहीत का? त्या गेल्या आणि मी इकडे त्यांना कडं किती मोठं आलं ते कळवायची वाट बघत होते. त्याबद्दल मी तुमच्याशी नंतर भांडणार आहे. आत्ता रिक्षा.

प्रबंधात प्रत्येक झाडापुढे पान देणाऱ्याचं नाव येतं. घाववेल आता "परिणाम आढळला नाही" या भागात जाईल. तिथे काकूंचं नाव छापायला हात होत नाही. सांगाल तर काढते, नुसतं "नेरे, ता. पनवेल" लिहिते.

मनिषा

*

पनवेल,
३० जुलै २०२३

चि. मनिषा,
अनेक आशीर्वाद.

महादेव छापलेला कागद घेऊन आले तेव्हा मी पाला निवडत होतो. कागद वाचला. ते म्हणाले, "मास्तर, चला, रिक्षा खाली हाय." मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. त्यांनी दिली. मी काही केलं नाही त्या पाच मिनिटांत.

कृष्णाबाई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. मी पट्टी सोडायला लागलो तर पाय ओढून घेतला. "आज का लवकर बदलता?" मी सांगितलं, पाला लावायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं. त्या हसल्या. "डॉक्टर पाय कापतील. जोकबेदबाय असती तर तुमाला आत येऊ दिला नसता." मी म्हटलं, या पाल्यात औषध नाही, पोरीने तपासलं. त्यांनी पट्टीवर हात ठेवला. "बाय कंदी खोटा बोलली नाय, मास्तर."

"खोटं नाही बोलली," मी म्हटलं. "चुकली."

हा शब्द मी तिच्याबद्दल आजवर उच्चारला नव्हता. ती असताना हिंमत नव्हती आणि गेल्यावर मन नव्हतं. तो उच्चारला आणि पट्टी सोडली. वास आला. महादेव दाराकडे तोंड करून उभे राहिले. मग आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट खाली नेलं.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्यापर्यंत गेला असता, असं डॉक्टरांनी महादेवना सांगितलं. त्यांनी ते मला कागदावर लिहून दाखवलं. कृष्णाबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची सून बोलते. आळीत मलिद्याला जे जे आले होते त्या सगळ्यांच्या दारी जाऊन मी सांगून आलो. एकाने विचारलं, मग त्या दिवशी कसला आनंद केला? मी म्हटलं, तेव्हा आम्हाला तसं वाटलं होतं.

चूक तुझी नाही. तिची पानं तू परत धुतली असतीस आणि तिला कळलं असतं, तर तुला घरात घेतलं नसतं. हे आपल्या तिघांचं आहे. माझा वाटा जास्त, कारण मला विचारलं गेलं होतं आणि मी कविता सांगितली.

समितीत काय झालं ते महादेवनी सांगितलं. एक वर्ष वाढलं. नवीन झाड शोधते आहेस. शोध. भांडायला ये. मी घरीच असतो.

तिचं नाव काढू नकोस. दोन दिवस मीही काढ म्हणून लिहिणार होतो. ज्या वेलीने तिला हसणाऱ्यांना उत्तर द्यायचं होतं, तिच्यापुढे "काही आढळलं नाही" आणि शेजारी तिचं नाव, हे मला बघवेना. मग मला कृष्णाबाईंचा पाय आठवला. ती असती आणि तिने ती जखम पाहिली असती, तर स्वतःचा पाला तिनेच आधी उकिरड्यावर फेकला असता आणि सगळ्या आळीला ओरडून सांगितलं असतं, लावू नका. ते सांगायला ती राहिली नाही. उद्या कुणी तरी दुसरं हेच पान घेऊन बसेल. त्याला कळू दे की कुणीतरी आधी पाहिलं होतं.

नाव पूर्ण लिही. सिस्टर जोकबेद इनॉक पेणकर, पनवेल.

तुझा,
इनॉकसर